साकीनाक्याची जावक वही

शटर वर गेलं तेव्हा साडेअकरा झाले होते. पाऊस कोसळत होता आणि साकीनाक्याच्या त्या गल्लीत घोट्यापर्यंत पाणी साचलेलं. मी बँकेची प्राधिकृत अधिकारी, थकलेल्या कर्जासाठी तारणाचा माल ताब्यात घ्यायला आलेली; सोबत मालाची किंमत ठरवणारे व्हॅल्युअर आणि दोन पंच. कंपनी तांब्याची वाइंडिंग वायर बनवायची. अडीच कोटींचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं फिरतं कर्ज; तारण माल आणि गिऱ्हाइकांकडून येणी.

अशा तारणात माल कर्जदाराच्याच ताब्यात राहतो. तो रोज विकतो, रोज नवा भरतो, आणि बँकेचा बोजा त्या बदलत्या मालावर तरंगत असतो. म्हणून फ्लोटिंग चार्ज. वसुलीला उतरलो की त्या दिवशी जे सापडेल त्यावर तो बसतो. कंपनीनं बँकेला दिलेल्या शेवटच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल होता ३ कोटी ४० लाखांचा. सुरक्षिततेसाठी सोडायचं २५ टक्के मार्जिन वजा केलं तरी कर्ज झाकलं जात होतं.

मागच्या रांगेतलं एक रीळ व्हॅल्युअरनी सहज उचललं, तर ते एका हातात आलं. तांब्याचं भरलेलं रीळ असं उचललं जात नाही. वर तारेचे दोन थर, आत पुठ्ठा. मग प्रत्येक रीळ काट्यावर चढवलं आणि वजनासकट पंचनाम्यात घेतलं. संध्याकाळी बेरीज ९० लाखांच्या पुढे जाईना. आमच्याच शाखेच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर 'माल समाधानकारक' असा शेरा होता. दारातून रांगा मोजून लिहिलेला असणार. मला भयंकर राग आला.

स्टोअरचे काका सकाळपासून स्टुलावर बसून होते. तीन महिने पगार नाही. "मॅडम, आमचं काय?"

मी खरं तेच सांगितलं. या मालाच्या विक्रीतून आधी बँकेचं कर्ज फिटेल. कंपनी दिवाळखोरी संहितेखाली लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मालमत्ता विकून बंद करण्याच्या प्रक्रियेत गेली, तर कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारणावरचा वेगळा हक्क सोडून दिलेल्या बँकेच्या बरोबरीने येतात. तेव्हा हजेरी कार्ड, पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.

काका उठले, आत गेले आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली जावक वही घेऊन आले. "मी जे गेलं ते लिहिलंय."

आमची ६० दिवसांत कर्ज फेडा अशी नोटीस कंपनीला पोचल्यानंतर टेम्पोच्या अकरा खेपा, सगळ्या भिवंडीच्या एकाच फर्मकडे. बिल नंबरच्या रकान्यात अकराही वेळा 'बिल नंतर'. फर्मचा पत्ता तपासला, तर तो मालकाच्या घराचाच निघाला.

बँकेला कोर्टात न जाता तारणातून वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याचं कलम १३(१३) सांगतं: नोटीस मिळाल्यावर नेहमीच्या व्यवहारातली विक्री सोडली, तर बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारणाचा माल हलवता येत नाही. आणि 'बिल नंतर' म्हणजे पैसेही बहुधा अजून दिलेले नाहीत. ज्यानं तारणाचा माल घेतला आणि पैसे देणं बाकी आहे, त्याच्याकडे १३(४)(ड) खाली थेट मागता येतात. वहीची रीतसर पोच काकांच्या हातात दिली आणि त्याच रात्री ऑफिसात बसून नोटीस तयार केली.

फर्मनं आधी नाकारलं. वहीच्या पानांच्या प्रती गेल्यावर दीड महिन्यात ६२ लाख खात्यात जमा झाले.

काकांना मी फोन करून कळवलं. त्यांनी विचारलं, "यातलं आम्हाला काही?" "नाही काका, अजून नाही," म्हणताना घशात आलं. कंपनी लिक्विडेशनमध्ये गेलेली नव्हती. कार्डं सांभाळली आहेत ना, एवढंच पुन्हा विचारलं. म्हणाले, "आहेत. प्लास्टिकमध्ये."