हात हलवू नका

दात घासायचे म्हणजे घसाघसा घासायचे, ही आमच्या घराची रीत. आजी राखुंडी बोटावर घेऊन हिरड्या चुरचुरेपर्यंत घासायची. पुढे माकडछाप काळी टूथपावडर आली, तीही बोटानेच. ब्रश आले तेव्हा दुकानात 'हार्ड द्या' असंच मागायचं. सॉफ्ट ब्रशने कुठे दात स्वच्छ निघतात, असं अण्णांचं मत. ह्या परंपरेचा पुरावा माझ्या तोंडात होता. हिरडीला लागून दातांना खाचा पडल्या होत्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्या आरशात दाखवल्या आणि विचारलं, "दात घासता की कढई?"

म्हणून इलेक्ट्रिक ब्रश आला. त्याच्या माहितीपत्रकातली पहिली सूचना अशी की ब्रश दातावर नुसता टेकवा, हात हलवू नका. आता जो हात उभ्या आयुष्यात सकाळी उठल्या उठल्या हलतच आला आहे, त्याला हे सांगणार कोण? ब्रशचं डोकं शर्टाच्या बटणाएवढं, गोल. ते आपलं आपण मिनिटाला हजारो वेळा इकडून तिकडे अर्धवट फिरतं आणि वर माझा हात त्याला धरून घासतोय! जोर जास्त झाला की दांड्यावर लाल दिवा लागतो. सुरुवातीला तो विझायचाच नाही. शिवाय नाकाच्या शेंड्यापर्यंत गुदगुल्या. आणि तोंडात घालण्याआधी चुकून बटण दाबलं गेलं, तर पेस्टची नक्षी थेट आरशावर.

दर 30 सेकंदांनी तो क्षणभर अडखळतो, म्हणजे आता पुढच्या कोपऱ्याकडे सरका. चार कोपरे, दोन मिनिटं. दोन मिनिटं किती लांब असतात हे बेसिनसमोर गप्प उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कारण ह्या ब्रशबरोबर हिंडता येत नाही. पूर्वी मी ब्रश तोंडात धरून घरभर फिरायचो. पेपर उचलायचा, कुंड्यांना पाणी घालायचं, दूधवाल्याला फेसातूनच 'अय्धा इइटर जाऽस्त' म्हणायचं; त्यालाही ते बरोबर कळायचं. गिरगावच्या चाळीत मामाकडे राहायला गेलो की सकाळी सगळी गॅलरी अशी कठड्यावर कोपरं टेकून, गालात ब्रश ठेवून राजकारण करत असायची. एकेकाचे दात अर्धा अर्धा तास घासून होत. इलेक्ट्रिक ब्रश चालू असताना तोंड उघडलं की शर्टाचं वाटोळं. एवढा अबोला आमच्या सकाळला सोसत नाही.

आईचा आक्षेप वेगळा. आमच्याकडे जुना ब्रश कधी टाकून दिला गेला नाही. आधी देवाची उपकरणी, मग जोडवी-पैंजण, मग शिलाई मशीनच्या दातऱ्यातला कचरा. शेवटी केस पार झडले की दांड्याच्या भोकात नाडी ओवून परकराच्या नेफ्यातून तो सरकवायचा. ह्याचं बदलायचं डोकं मात्र जेमतेम दोन पेरांएवढं. आईने ते हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "नेफ्यात हे घातलं तर हेच बाहेर काढायला दुसरी नाडी लागेल." तीन महिन्यांनी ते टाकायचं आणि नवं आणायचं. एका डोक्याच्या पैशांत साधे पाच-सहा ब्रश आले असते, हेही तिने ऐकवलंच.

बरं, एवढं करून फायदा किती? 2014 साली कॉक्रेन ह्या वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या संस्थेने आधीच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. तीन महिन्यांपेक्षा जास्त वापरानंतर, साध्या ब्रशच्या तुलनेत दातांवरचा थर 21 टक्के कमी आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी, असं त्यात निघालं. आहे फरक, पण साध्या ब्रशला अडगळीत काढावं इतका नाही. नीट हात चालवणाऱ्याचे दात त्यानेही स्वच्छ होतात.

पण मुळात हे यंत्र धडधाकट हातासाठी नव्हतंच. 1954 साली स्वित्झर्लंडमध्ये फिलिप-गी वूग यांनी ब्रॉक्सोडेंट नावाचा इलेक्ट्रिक ब्रश केला तो ज्यांचे हात नीट चालत नाहीत अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा बसवलेल्यांसाठी. तो भिंतीतल्या प्लगला वायरीने जोडलेला असे. हे मी अण्णांना मुद्दाम सांगितलं, कारण वर्षभर त्यांचा उजवा खांदा आखडलेला आहे आणि ते डाव्या हाताने कसंबसं घासतात. अण्णा वीज मंडळातले निवृत्त वायरमन. ओल्या हातात वीज म्हटल्यावर ते उखडलेच. "बाथरूममध्ये प्लग एक, तोही गिझरचा, जाड पिनांचा. हे कुठे लावणार?"

चार्जर सध्या फ्रिजशेजारी राउटरजवळ आहे. अण्णांनी तो उलटा-पालटा करून पाहिला. ब्रशला कुठेही धातूची पिन उघडी नाही. स्टँडमध्ये एक वेटोळं, दांड्यात दुसरं, मध्ये प्लास्टिक. "हात्तिच्या, हा तर ट्रान्सफॉर्मर!" इतकं म्हणून त्यांनी तो सन्मानाने जागेवर ठेवला.

अडचण उरली उष्ट्याची. दांडा एक, डोकी वेगवेगळी, प्रत्येकाला रंगीत कडं, म्हणजे घरातल्या चौघांचं एकात भागतं, असं बायकोचं म्हणणं. डोकं बदललं तरी दांडा उष्टा राहतो की नाही, यावर जेवताना बरीच खडाजंगी झाली. आईने साफ नकार दिला. अण्णांनी हिरवं कडं घेतलं. आता ते माझ्या आधी उठतात, दांडा साबणाने धुतात, दोन मिनिटं गप्प उभे राहतात आणि डोकं काढून खिशात घालून घेऊन जातात.