लाल काच

दुपारी बाराला लाल काचेची दुसरी टिकलीही शेवाळासारखी हिरवी होऊन निघाली, तेव्हा मी चिमटा खाली ठेवला.

मी ईस्ट यॉर्कशरमधल्या एका लोहारशाळेत काम करते. जवळच कर्कबर्न गाव आहे. १९८७ साली तिथल्या एका थडग्यात, तरुण पुरुषाच्या सांगाड्याबरोबर तलवार सापडली. इ.स.पू. ३०० ते २०० या काळातली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या एकट्या मुठीत लोखंड, कासं आणि शिंग यांचे मिळून ३७ तुकडे आहेत, वर लाल काचेची सजावट. म्यानाच्या पुढच्या काशाच्या पत्र्यावर वेलीसारखी वळणं फिरत जातात. आमच्या ग्राहकाला नक्कल नको होती, त्याच घराण्यातली वाटेल अशी तलवार हवी होती. पात्याला पाणी देऊन झालं होतं. अडलं होतं ते मुठीपाशी, नखाएवढ्या काचेपायी.

या काचेची लाली तांब्याची. तांब्याच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तिच्यात विखुरलेले असतात, म्हणून ती लाखेसारखी गर्द दिसते. पण जास्त तापून हवा लागली की तेच तांबं हिरवं पडतं. यासाठीच ती वितळवून ओतायची नसते, मऊ करून खोबणीत दाबायची. हे मला पाठ होतं. तरी दोन टिकल्या गेल्या.

साताऱ्याकडच्या आमच्या गावी दादांचा भाता अजून चालतो. त्यांना फोन केला. काच त्यांनी कधी तापवलेली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दार उघडं हाय का?"

उघडं होतं. जूनचं लख्ख ऊन थेट भट्टीवर येत होतं.

"उजेडात तापलेलं थंड दिसतं, पोरी. आधी अंधार कर."

लहानपणी आमच्या पालाची ऐरणीकडची बाजू ते गोणपाटानं का झाकायचे, ते मला त्या क्षणी कळलं. इतकी वर्षं मला वाटायचं, ऊन लागू नये म्हणून.

दार लावलं, खिडकीवर ताडपत्री टाकली. डोळे सरावल्यावर दिसलं की मी ज्याला 'अजून तापायचंय' म्हणत होते, तो रंग खूप पुढचा होता. तिसरी टिकली जेमतेम मंद उजळली, कडा किंचित गोल झाल्या, तेवढ्यात उचलून काशाच्या खोबणीत दाबली. राखेत हळूहळू निवू दिली. तो तासभर मी नुसती बसून होते.

वर पातळ हिरवट साय आलीच होती. ओल्या दगडावर घासली (या काचेत शिसं असतं, कोरडी कधीच घासायची नाही) आणि खालून लाल उघडलं. दाट, डाळिंबाच्या दाण्यासारखं. मग वाया गेलेल्या दोघी उचलल्या. दुसरी आतपर्यंत हिरवी होती. पहिलीच्या पोटात मात्र लाल शाबूत होतं. ती मुठीच्या मागच्या बाजूला बसली.