पेनाचे फार लाड नकोत

दुपारी साडेतीनच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलापर्यंत येतं. त्या उन्हात महिनोन् महिने पडून राहिलेलं एबोनाइटचं पेन हाती लागलं, तर आधी त्याचं टोपण फिरवून काढावं. टोपणाखाली झाकलेला भाग काळा कुळकुळीत असतो आणि बाकीचं अंग खाकी, कुठे कुठे हिरवटसर. दोन्हींच्या मधली रेघ अगदी स्वच्छ. नाकाजवळ नेलं तर गंधकाचा आणि रबराचा वास.

एबोनाइट म्हणजे शेवटी रबरच. त्यात तीस टक्क्यांच्या आसपास गंधक घालून ते बराच वेळ तापवलं की इतकं कडक होतं, की लेथवर कातता येतं. 1851 साली नेल्सन गुडइयर यांनी या कडक रबराचं पेटंट घेतलं. पेन करणाऱ्यांना ते आवडतं, कारण ते हाताला गार लागत नाही, शाईने बिघडत नाही आणि त्याला आटे छान पडतात. फक्त ऊन आणि ओल यांच्याशी त्याचं जमत नाही. आणि ठाण्यात, नवी मुंबईत या दोन्ही गोष्टी आलटून पालटून फुकट मिळतात. तेव्हा पेन खणात ठेवावं, इतकंच. खाकी थर पातळ असतो, मायक्रोमेशने, म्हणजे पॉलिशच्या अगदी बारीक कापडाने, घासून काढता येतो. पण त्याबरोबर अंगावरची नक्षी जाते, तीक्ष्ण कडा बोथट होतात. मी म्हणेन, राहू द्यावा. गरम पाण्याने धुणं मात्र कटाक्षाने टाळावं. उन्हाला जे करायला महिनोन् महिने लागतात, ते पिवळ्या पडू लागलेल्या एबोनाइटवर गरम पाणी काही मिनिटांत करून ठेवतं.

हातकामाच्या पेनाची खरी गंमत म्हणजे त्यात बिघडण्यासारखं फार काही नसतंच. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशीच्या लाटेत जे पेन घडवलं आणि ज्याबद्दल 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पत्र पाठवलं, त्या वाणाची पेनं आजही कातली जातात. टोपण, नळी, बोटांनी धरायची ग्रिप, निब आणि निबेखालची, शाई पुढे नेणाऱ्या खाचेची जीभ, संपलं. स्प्रिंग नाही, पिस्टन नाही. शाई थेट नळीत. त्यामुळे ही पेनं मोडतात ती बहुधा दोनच प्रकारच्या माणसांच्या हातून: जे पेनाला कधी हातच लावत नाहीत ते, आणि जे त्याला सारखा हात लावतात ते.

भरायची रीत शाळेतलीच. ड्रॉपर, दौत, जुना कपडा. नळी आट्यांच्या जरा खालपर्यंत भरायची. मध्यम आकाराच्या पेनात अडीच ते तीन मिली मावते. आट्यांवर शाई राहिली तर पुसून काढायची. मग ग्रिपच्या आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका, सगळीकडे पसरेल असा. व्हॅसलीन नको, ते पेट्रोलियम आहे आणि आत कुठे रबरी रिंग असेल तर ती हळूहळू फुगवतं. जास्त ग्रीसही नको, कारण ते सरकत सरकत जिभेच्या खाचेत शिरतं आणि मग शाई उतरेना झाली की दोष निबेला. बोटांनी घट्ट होईल इतकंच आवळावं. गळू नये म्हणून पक्कड घेणारे लोक आहेत. त्यांच्या पेनाच्या नळीला तोंडाशी बारीक चीर जाते आणि मग ते खरोखरच गळतं.

नळी एक तृतीयांशावर आली की पुन्हा भरावी. शाई कमी म्हणजे हवा जास्त, आणि हवा हाताच्या उबेने फुगते. फुगली की शाईला ढकलते आणि मधेच ओळीवर टपोरा थेंब पडतो. मे महिन्यात ट्रान्स-हार्बरच्या गाडीत, ठाण्याहून वाशीला जाताना खिडकीचं ऊन थेट खिशावर आलं, की हेच होतं. पाव भरलेलं पेन प्रवासाला नेऊ नये. पूर्ण भरलेलं न्यावं किंवा रिकामं, आणि निब वर करून. स्कूटरच्या डिकीत तर कुठलंच नाही.

शाईबद्दल मतं असतात आणि ती बदलत नाहीत, म्हणून थोडक्यात. दांडेकरांनी 1931 साली सुरू केलेल्या कॅम्लिनची रॉयल ब्लू आजही हातकामाच्या पेनासाठी निर्धोक शाई आहे. पातळ आहे, पाण्याने जाते, खाचेत बसत नाही. घात होतो तो दुकानातल्या शेजारच्या फळीवर. तिथे ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई असते, बाटली साधारण तशीच. तिच्यात लाख किंवा तसलंच काहीतरी असतं, आणि वाळली की पाण्याने सुटत नाही. पोराच्या चित्रकलेच्या पेटीतली बाटली हाती लागली म्हणून पेन भरलं, तर त्या जिभेची आशा सोडावी. चमकीच्या शाया दिसायला गोड असतात. चमकी तळाशी बसते, म्हणून प्रत्येक भरणीनंतर धुवावं लागतं. आणि पावसाळ्यात दौत उघडल्यावर वर पांढुरकी साय दिसली, तर ती बुरशी आहे. गाळून वापरायचा मोह होतो. सगळी फेकावी, पेनही धुवावं.

धुण्याचं तंत्र म्हणजे घाई न करणं. रोज लिहीत असाल तर दीड-दोन महिन्यांतून एकदा पुरे. शाई बदलताना अर्थातच. बेसिनच्या भोकावर आधी गाळणी ठेवावी, कारण निब हातातून निसटली की ती नेमकी तिकडेच जाते. नळी विसळावी, मग ग्रिपच्या मागच्या बाजूला कान धुवायचा रबरी फुगा लावून साधं पाणी दाबत राहावं. सुरुवातीला निळं, मग आकाशी, मग नितळ. नितळ दिसलं म्हणून संपलं असं नाही. निब खाली करून ग्रिप चौपदरी टिश्यूवर रात्रभर उभी ठेवावी. सकाळी टिश्यूवर निळं वर्तुळ उमटलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नुसतीच ओल उमटू लागली की झालं. शाई सुकून बसली असेल तर अर्ध्या ग्लास पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, त्यात पंधरा मिनिटं, आणि मग भरपूर पाणी. नवी मुंबईला मोरबे धरणातून येणारं किंवा नळाला येणारं पालिकेचं पाणी चालतं. घोडबंदरकडे टँकर येत असेल आणि त्यात बोअरचं पाणी असेल, तर शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने करावं. क्षार खाचेत बसले की दिसत नाहीत, फक्त अक्षर तुटक येऊ लागतं.

अक्षर तुटक येतं किंवा निब कागद ओरबाडते, तेव्हा माणूस सँडपेपर शोधतो. तो शोधू नये. दहापट भिंगातून निबेकडे समोरून बघावं. दोन पाती एका पातळीत नसतात, एक केसभर वर असते. म्हणूनच एका दिशेला रेघ ओढताना ती खरवडते आणि उलट दिशेला नाही. वरच्या पातीला नखाने हलकेच खाली दाबायचं, सोडायचं, पुन्हा बघायचं. शंभरातल्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात. त्यानंतरही खरखर उरली तर एक मायक्रॉनच्या मायलर कागदावर, म्हणजे पॉलिशच्या अतिबारीक फिल्मवर, दाब न देता, इंग्रजी आठचे पाच-सात आकडे. पन्नास नाही. जास्त घासली तर टोकाच्या फटीच्या आतल्या कडा गोल होतात, शाई कागदापर्यंत पोचतच नाही, आणि पहिलं अक्षर दर वेळी कोरं उमटतं. निब फार गुळगुळीत, पण लिहीत नाही, असं पेन घेऊन हिंडणारे पुष्कळ भेटतात.

निब आणि जीभ उपटून काढायचा छंदही तसाच. गरज पडली तर दोन्ही एकत्र, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यात धरून, सरळ रेषेत ओढावीत, पिळू नये. दर रविवारी गरज पडत नाही.

शिसवी पेनाला पावसाळ्यात टोपण घट्ट होतं. लाकूड फुगलेलं असतं. जोर न करता ते कोरड्या खोलीत दोन दिवस ठेवावं, पाण्यात कधीच बुडवू नये. अॅक्रिलिकच्या पेनाला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावलं तर आत बारीक चिरांचं जाळं पडतं. सेल्युलॉइड बंद डबीत ठेवू नये, त्याला श्वास हवा असतो. कापराचा वास येतो तो त्याचाच. सोन्याचं पाणी दिलेल्या क्लिपला पितळेची पॉलिश लावली, तर पाणी पॉलिशबरोबर जातं आणि पितळ उरतं.

खंडेनवमीला, दसऱ्याला पेन पाटावर ठेवतात. ठेवावंच. पण हळदकुंकू टोपणावर वाहावं, निबेवर नको. हळद पांढऱ्या अॅक्रिलिकमध्ये मुरते ती मुरतेच, आणि कुंकवाची पूड आट्यांत गेली की प्रत्येक उघडझापीला आटे झिजवते. संध्याकाळी आरती झाल्यावर ओल्या कापडाने पुसून घ्यावं. देवीचा काही आक्षेप नसावा.

पेन कुणाला वापरायला देऊ नये, असं घराघरांत सांगतात. निब हाताला वळण घेते वगैरे. टोकाला कठीण धातूचा मणी असतो, तो दोन सह्यांनी झिजत नाही. खरी भीती वेगळी: मागणाऱ्याला बॉलपेनची सवय असते, आणि बॉलपेन दाबल्याशिवाय चालत नाही. कार्बनच्या तीन प्रतींवर तो सगळा जोर काढतो, आणि पाती कायमच्या फाकतात. त्यामुळे बँकेत काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन आहे, तेच दाखवावं.

आणि इतकं करूनही कधीतरी गळतंच. रॉयल ब्लू असेल तर लगेच गार पाण्याखाली धरावं, गरम पाणी नको, मग साबण, बहुतेक जातं. पर्मनंट काळी असेल तर साबण वाया घालवू नये. शर्ट घरात घालायला काढावा, पुढे पंखे पुसायला लागतोच.