निरोप न देता गेलेला नोड

त्या दिवशी अकराला प्लॅनिंगची मीटिंग होती आणि मी साडेआठलाच लॅबमध्ये आले होते, कारण कामाच्या यादीचं टेबल माझ्याकडे होतं आणि मला ते शांतपणे एकदा शेवटचं वाचायचं होतं. आम्ही तीन कंपन्यांची माणसं मिळून टीएससीएच या रेडिओ पद्धतीवर चालणाऱ्या मेश नेटवर्कसाठी, म्हणजे छोटे रेडिओ नोड एकमेकांची पॅकेट पुढे पोचवतात तसल्या नेटवर्कसाठी, एक कॉमन प्रोफाइल लिहितोय. नवीन स्टँडर्ड नाही, इंटरनेटची स्टँडर्ड लिहिणाऱ्या आयईटीएफच्या सिक्सटिश ग्रुपनं जी कागदपत्रं काढली त्यातलं काय सक्तीचं, काय ऐच्छिक, कुठला टायमर किती, कशाची टेस्ट कधी घ्यायची हे ठरवायचं, म्हणजे एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या राउटरला जोडला तरी चालला पाहिजे. ऐकायला लहान काम वाटतं पण वर्ष वर्ष जातं यात.

ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टीएससीएचमध्ये वेळेचे साधारण १० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतात, त्याला स्लॉट म्हणायचं. असे बहुतेक वेळा १०१ स्लॉट मिळून एक फेरी होते, ती स्लॉटफ्रेम, म्हणजे दर १.०१ सेकंदाला तेच टाइमटेबल पुन्हा सुरू. कुठल्या स्लॉटला कोण बोलणार आणि कोण ऐकणार हे आधी ठरलेलं असतं, बाकी वेळ रेडिओ बंद, आणि म्हणूनच बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. १०१ आणि १६ यांना १ सोडून सामाईक भाजक नाही, त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या १६ चॅनलपैकी दर फेरीला त्याच सेलला (टाइमटेबलमधल्या त्याच खान्याला) वेगळं चॅनल मिळतं आणि एका चॅनलवर कुणाचा गोंधळ असला तरी काम अडत नाही. मला हे डिझाइन पहिल्यांदा समजलं तेव्हापासून मी याच्या प्रेमात आहे, खरंच सांगते.

तर मी टेबल उघडून बसले तेवढ्यात आमची टेस्टिंग बघणारी ज्युनियर आली. म्हणाली, "मॅडम, सात नंबर बघता का जरा? काहीच काम करत नाहीये तरी खातोय."

सात नंबर म्हणजे अकरा नोडच्या सेटअपमधला एक मधला नोड. त्याच्याखाली कुणी नसलं की त्याचा सरासरी करंट ४० मायक्रोअँपिअरच्या आसपास असायला हवा, त्या सकाळी तो १०० च्या वर होता. आदल्या दुपारी त्याच्याखाली, म्हणजे त्याच्यामार्फत पॅकेट पाठवणारे, दोन नोड होते, तीन नंबर आणि नऊ नंबर, पण ते संध्याकाळी त्याला सोडून पाच नंबरकडे गेले होते. म्हणजे काम गेलं आणि खर्च राहिला. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिनं करंटचा आलेख मोठा करून दाखवला. एका फेरीत सहा छोटे उंचवटे, पुढच्या फेरीत बरोबर त्याच जागी तेच सहा. प्रत्येकाची रुंदी २.२ मिलिसेकंद, वरून सपाट. असा उंचवटा एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही माणूस. पॅकेट आलं असतं तर तो लांब झाला असता, पूर्ण १२७ बाइटची फ्रेम यायलाच सव्वाचार मिलिसेकंद लागतात आणि त्यापुढे ॲक, म्हणजे मिळाल्याची पोच, पाठवण्याचा वेगळा उंचवटा दिसतो. इथे तसं काही नव्हतं. रेडिओ उघडतोय, ठरलेला वेळ वाट बघतोय, कुणी आलं नाही म्हणून बंद होतोय, आणि सेकंदाभरानं परत तेच. भाडेकरू कधीच खोली सोडून गेलाय आणि घरमालक रोज त्याच्यासाठी दार उघडून उभा राहतोय, तसं.

मी तिथेच कागदावर हिशोब केला. सहा सेल गुणिले २.२ म्हणजे दर १०१० मिलिसेकंदांत १३.२ मिलिसेकंद रेडिओ फुकट चालू. रेडिओ ऐकताना ५ मिलिअँपिअर घेतो असं धरलं तर सरासरीत ६५ मायक्रोअँपिअरची भर. वर्षाचे पावणेसहाशे मिलिअँपिअर-तास. २४०० ची बॅटरी असेल तर दरवर्षी जवळजवळ चौथा हिस्सा नुसता वाट बघण्यात.

मग लॉग काढले. संध्याकाळी कुणीतरी त्या लोखंडी कपाटाचं दार लावलं होतं ज्यात तीन आणि नऊ ठेवले होते. दार लागल्यावर त्यांची सातशी असलेली लिंक गेली, त्यांनी नवा पॅरेंट, म्हणजे ज्याच्यामार्फत पॅकेट पाठवायची तो शेजारी, निवडला, इथपर्यंत मेशनं जे करायला पाहिजे तेच केलं. आमचं शेड्युलिंग, म्हणजे कुणाशी किती सेल ठेवायचे हे, सिक्सटिशच्या एमएसएफ या नियमांप्रमाणे चालतं, आयईटीएफच्या कागदपत्रांतलं आरएफसी ९०३३, त्यात पॅरेंट बदलला की जुन्या पॅरेंटला सिक्सपीचा, म्हणजे शेजाऱ्यांनी आपसात सेल ठरवायच्या प्रोटोकॉलचा, क्लिअर पाठवायचा असतो, "आपल्यातले सगळे सेल पुसून टाक" असा निरोप. तीन नंबरच्या लॉगमध्ये अगदी स्वच्छ लिहिलेलं होतं: क्लिअर पाठवला, उत्तर नाही, टाइमआउट, आपल्या बाजूचे तीन सेल पुसले. नऊ नंबरचंही तसंच. आणि सातकडे ते सहाच्या सहा सेल तसेच, कारण त्याला निरोप पोचलाच नाही.

पोचणार कसा? लिंक खराब झाली म्हणून तर पॅरेंट बदलला, आणि निरोप पाठवायचा तो त्याच खराब लिंकवरून. हे मला त्या क्षणी असं लख्ख दिसलं की मी खुर्चीवरून उठलेच. ज्या वेळी क्लिअरची खरी गरज असते नेमकी तीच वेळ तो न पोचण्याची असते.

ज्युनियरनं बरोबर प्रश्न विचारला, की सिक्सपीमध्ये सिक्वेन्स नंबर असतो ना, दोघांची टेबलं जुळत नसली की त्यातून कळतं ना? कळतं, पण दोघं पुन्हा बोलले तर. आरएफसी ८४८० मध्ये दोन शेजाऱ्यांच्या प्रत्येक व्यवहारागणिक तो नंबर वाढतो, पुढच्या व्यवहाराला नंबर जुळला नाही की एरर येतो आणि एमएसएफ म्हणतं की मग क्लिअर करून नव्यानं सुरू करा. चांगली सोय आहे. पण तीन आणि नऊ आता पाच नंबरकडे सुखात आहेत, सातशी ते कशाला बोलतील, मग नंबर तपासायची वेळच येत नाही.

यानंतर मी माझं टेबल परत उघडलं. "शिळे सेल काढणे" ही ओळ त्यात होती, मीच लिहिलेली, तिसऱ्या टप्प्यात, "ऐच्छिक, नंतर बघू" या खान्यात. ती तिथे ठेवताना माझा विचार असा होता की सिक्सटिशवाल्यांनी जसं केलं तसं करावं. २०१३ मध्ये काम सुरू झाल्यावर त्यांनी एकदम सगळं लिहायला घेतलं नाही, २०१७ च्या आरएफसी ८१८० मध्ये आधी कमीत कमी काय लागतं तेवढंच ठरवलं, सगळ्यांनी मिळून वापरायचा एक शेअर्ड सेल आणि बस, मग २०१८ ला सेलची देवाणघेवाण, आणि आर्किटेक्चर, जॉइन होणं, एमएसएफ हे सगळं २०२१ ला. हा क्रम मला आजही पटतो. चूक क्रमात नव्हती, मी जोडलं जाणं मूळ काम धरलं आणि तुटणं ही पुढची भर धरली तिथे होती. जे नेटवर्क दार लागल्यावर सावरत नाही त्याला "कमीत कमी चालणारं" म्हणताच येत नाही.

अकराला मीटिंग सुरू झाली तेव्हा मी अजेंडा बाजूला ठेवून आधी तो आलेखच स्क्रीनवर टाकला. दुसऱ्या कंपनीच्या एका सिनियर सरांनी बरीच वर्षं वायरलेसहार्टवर, म्हणजे कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या वायरलेस सेन्सरच्या स्टँडर्डवर, काम केलंय, ते म्हणाले, "आमच्याकडे हा प्रश्न यायचा नाही, तिथे सगळं शेड्युल एकटा नेटवर्क मॅनेजर ठरवतो, त्याच्या वहीत एकच हिशोब असतो. इथे दोन शेजारी आपापल्या वहीत लिहितात, म्हणजे वह्या जुळवायची सोय पहिल्या दिवसापासून पाहिजे." इतकं नेमकं मला मांडता आलं नसतं.

उपाय काय यावर मात्र तासभर वाद झाला. मी म्हणलं कीप-अलाइव्ह आहे की, नोडला पाठवायला काही नसलं तरी घड्याळ जुळतं ठेवायला तो आपल्या टाइम सोर्स पॅरेंटला अधूनमधून पॅकेट पाठवतोच. दोन नोडच्या घड्याळांच्या क्रिस्टलमध्ये मिळून २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस) फरक धरला तर १ मिलिसेकंद सरकायला ५० सेकंद लागतात आणि ऐकणाऱ्याची खिडकी दोन्हीकडे १.१ मिलिसेकंदाची, म्हणजे मिनिटाच्या आत आवाज यायलाच पाहिजे. नाही आला की सेल काढा, वेगळं पॅकेट नको, काही नको.

तिसऱ्या कंपनीच्या फर्मवेअरवाल्यानं तिथेच अडवलं. "आमचा नोड पॅरेंटच्या क्रिस्टलचा ड्रिफ्ट, म्हणजे घड्याळ किती सरकतं ते, शिकून घेतो आणि आपलं घड्याळ त्याप्रमाणे दुरुस्त करतो, त्याला पाच मिनिटांनी एक कीप-अलाइव्ह पुरतो. तुमच्या नियमानं तुम्ही त्याचे जिवंत सेल काढाल." त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि मी ते लक्षात घेतलं नव्हतं.

तिथून चर्चा खरी पुढे सरकली. कुणीतरी विचारलं की चुकून जिवंत सेल काढला तर काय होईल, आणि आम्ही ते फळ्यावर पायरीपायरीनं लिहून काढलं. काढणाऱ्यानं सिक्वेन्स नंबरही शून्यावर आणला असेल तर मूल नोडला ॲक येणं बंद होईल, तो पुढचा सिक्सपी व्यवहार करेल, एरर येईल, क्लिअर होईल, सेल परत मिळतील. थोडी पॅकेट उशिरा जातील पण गाडी रुळावर येते. उलट मेलेला सेल ठेवला तर तो कधीच सापडत नाही, बॅटरी संपेपर्यंत. हे दोन्ही शेजारी शेजारी लिहिल्यावर कुणाचा विरोध राहिला नाही. आणि घाई करायचंही कारण नव्हतं, ६५ मायक्रोअँपिअर पंधरा मिनिटं वाया गेले तर त्याला काय किंमत, वर्षभर जाऊ नयेत एवढंच पाहिजे. कीप-अलाइव्हची कमाल मर्यादा पाच मिनिटं, शिळ्या सेलचा टायमर पंधरा मिनिटं, दोन्ही सक्तीचे, दोन्ही पहिल्या टप्प्यात. त्यासाठी जॉइनच्या टेस्ट दोन महिने पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्यावर आमच्याच मॅनेजरचा चेहरा पडला, तो राग समजण्यासारखा आहे.

दुपारी आमच्या फर्मवेअरमध्ये तो टायमर टाकून तीन आणि नऊला पुन्हा सातखाली आणलं. संध्याकाळी ज्युनियरनं स्वतः जाऊन कपाटाचं दार लावलं. मग आम्ही पाच जण त्या आलेखासमोर उभे, दर सेकंदाला तेच सहा उंचवटे. दहा मिनिटं, बारा, कुणी बोलत नव्हतं. पंधरा मिनिटं होऊन गेल्यावर एका फेरीत तीनच आले. पुढच्या काही सेकंदांत तेही गेले आणि त्या जागी रेष सपाट झाली.

टेस्टच्या यादीत पहिली ओळ आजवर "नोड चालू करा" अशी होती. ज्युनियरनं तिच्या वर एक नवीन ओळ टाकून मला दाखवली: "आधी जोडलेला नोड कपाटात ठेवा आणि दार लावा." मी तशीच पाठवून दिली.