रेवदंड्याच्या कोटावरून लिस्बन
आमच्या रेवदंड्यात नारळीच्या वाड्यांमधे पोर्तुगीजांचा कोट पडलाय, पण हे लोक ज्या लिस्बनहून आले त्याबद्दल आपल्याला माहिती काय, तर वास्को द गामा, संपलं. मला १७५५ चं लिस्बन जास्त इंटरेस्टिंग वाटतं. १ नोव्हेंबर, सणाचा दिवस, चर्चमधे गर्दी, मेणबत्त्या पेटलेल्या आणि भूकंप, मग समुद्र आत घुसला, वर आग कितीतरी दिवस! राजाचा मंत्री पोंबाल, त्याने मग सरळ रस्ते आखून, भिंतीत लाकडी सांगाडे घालून खालचं शहर परत उभं केलं (माणूस हुकूमशहाच, ते वेगळं). पुढे विसाव्या शतकात पोर्तुगालमधे सालाझार या हुकूमशहाने बसवलेली राजवट १९७४ ला सैनिकांनीच पाडली, बंदुकीच्या नळीत कार्नेशनची फुलं, आणि गोवा भारताचा हे पोर्तुगालने मान्य केलं तेही त्यानंतरच, आपण १९६१ लाच घेतला होता तरी.