शांता आपटे, नववी ब आणि आमच्या बाई

समितीकडून फोन आला की अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत द्या, पाचशे शब्द पुरेत. म्हटलं बघते, पण पाचशेत माझं बसायचं नाही हे तेव्हाच माहीत होतं. शाळेचं मैदान, घंटा, प्रार्थना, पीटीच्या सरांची शिट्टी हे सगळं बाकीचे लिहिणारच आहेत, ते त्यांच्यावर सोडते. मला एकाच विषयावर लिहायचंय, तो म्हणजे शांता आपटे. आता तुम्ही म्हणाल, त्या जुन्या नटीचा आणि साताऱ्यातल्या आपल्या शाळेचा संबंध काय? सांगते.

नववी ब ला मराठीच्या बाई होत्या (नाव अजिबात छापायचं नाही असा दम त्यांनी परवाच फोनवर दिलाय, वय झालं तरी दम तोच आहे). वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता 'मला आवडलेली व्यक्ती'. दरवर्षीचं ठरलेलं, टिळक, झाशीची राणी, सावित्रीबाई, कर्मवीर अण्णा आणि एखादा टारगट पोरगा गावसकर. मला वर्गात प्रश्न विचारायची खोड होती, त्यावरून बाकीच्या शिक्षकांची बोलणीही खायची. बाईंनी स्टाफरूमच्या दारात गाठलं आणि म्हणाल्या, तू एवढी फाडफाड बोलतेस ना, मग तुझ्यासारख्याच एका बाईवर बोल, मी सांगते सगळं, लिहून घे.

बाई मूळच्या कोरेगावच्या. आणि कोरेगावच्या माणसाशी पुस्तकांचा विषय निघाला की कादंबरीकार ना. ह. आपट्यांचं नाव येणारच, कारण ते तिथेच राहिले. जन्म सांगलीकडचा, समडोळीचा, पण त्यांना कोरेगावकर आपलाच मानतात. त्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून प्रभात फिल्म कंपनीने 1937 ला 'कुंकू' हा सिनेमा काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि त्यात नायिका नीरा झाली शांता आपटे. दोघांचं आडनाव एकच, त्यामुळे वर्गातल्या पोरांनी त्यांना लगेच बापलेक करून टाकलं होतं, बाईंना तो गैरसमज मोडायला अख्खा तास गेला.

'कुंकू' आम्ही पाहिला तो दूरदर्शनवर, शेजारच्या वाड्यात, कारण टीव्ही त्यांच्याकडे. अँटेना फिरवायला एक पोरगं कौलांवर. गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, अनाथ नीराचं लग्न मामा फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावून देतो, काकासाहेब म्हणजे केशवराव दाते, आणि ती त्या घरात राहते पण नवरा म्हणून त्याला मानत नाही, साफ नाही म्हणते. रडारड नाही की विहीर जवळ करणं नाही. भिंतीवरचं घड्याळ ठण ठण करत असतं आणि म्हातारा त्याच्याकडे बघून कासावीस होतो. पार्श्वसंगीत नावाला नाही, त्यामुळे घरातले साधे आवाजच अंगावर येतात. आणि मग तो प्रसंग, सावत्र मुलगा पंडित तिच्याशी लगट करायला येतो आणि ती हातात छडी घेऊन त्याला फोडून काढते. वाड्यातल्या आजी तोवर माळ ओढत बसल्या होत्या, त्या एकदम ओरडल्या, "हाण त्येला आजून!" माळ तशीच हातात. ह्याच आजी सुनेला मोठ्यानं हसू द्यायच्या नाहीत, हे मला तेव्हाही गमतीचं वाटलं होतं.

त्यात एक इंग्रजी गाणंही आहे, अमेरिकन कवी लाँगफेलोची कविता, शांताबाईंनी स्वतः गायलेली. 1937 च्या मराठी पिक्चरमध्ये नऊवारीतली नायिका इंग्रजी कविता गाते! आमच्या इंग्रजीच्या सरांनी दुसऱ्या दिवशी तीच कविता फळ्यावर लिहिली, पण चाल त्यांना जमली नाही, विषय सोडा.

तर बाईंनी जे सांगितलं ते असं. शांता आपटे 1916 ची, जन्म सोलापूरकडच्या दुधनीचा, गाणं शिकली पंढरपूरला. 1932 ला भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मधून सिनेमात आली, मग प्रभातचा 'अमृतमंथन', 'अमरज्योती', 'कुंकू', 'गोपालकृष्ण'. हातवारे करत, डोळे फिरवत गाणारी नायिका लोकांना नवीन होती, त्याआधी माइकपुढे खांबासारखं उभं राहून गायचं. एवढी लोकप्रिय, पण करार कंपनीचा आणि शब्दही कंपनीचाच. पगारावरून आणि करारावरून खटका उडाला, तेव्हा ही बया 1939 साली पुण्याला प्रभातच्या गेटवर जाऊन उपोषणाला बसली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, तेच गेट. बाईंनी हे सांगितलं तेव्हा वर्गात सन्नाटा, कारण उपोषण म्हणजे गांधीजी एवढंच आम्हाला ठाऊक. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, बाई पण ती तर हिरॉइन होती, तिला काय कमी होतं? बाई म्हणाल्या, हिरॉइन म्हणजे नोकरीच, मालक असला की नोकर असतोच.

एका मासिकाच्या संपादकानं तिच्याबद्दल वाटेल ते छापलं म्हणून तिनं त्याच्या ऑफिसात जाऊन त्याला छडीनं बडवला असाही एक किस्सा लोक सांगतात. तो बाईंनी मुद्दाम सांगितला नाही, मला नंतर कळला. आधी कळला असता तर भाषणात पहिला तोच घातला असता हे त्यांनी ओळखलं असणार. 'कुंकू'मधली छडी लोकांनी खऱ्या आयुष्यात ओढून आणली का खरंच तसं घडलं, देव जाणे.

पण मला जास्त भारी वाटलं ते तिचं पुस्तक. 'जाऊ मी सिनेमात?' नाव आहे, 1940 चं. हिशोब करा, चोवीस वर्षांची पोरगी. आपल्याकडे नट्यांनी लिहिलेली गाजलेली पुस्तकं आहेत, हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' 1970 ला आलं, लीला चिटणिसांचं 'चंदेरी दुनियेत' 1981 ला, पण ती सगळी उतारवयात मागे वळून लिहिलेली, कोणाचं काय बिघडणार होतं तेव्हा. (हंसाबाईंच्या पुस्तकाचं धाडस वेगळं, ते कमी लेखत नाहीये मी.) हिनं ऐन भरात, पुढची कामं ह्याच लोकांकडून मिळवायची असताना लिहिलं. आणि त्यात स्वतःच्या कौतुकाच्या गोष्टी नाहीत, सिनेमात यायला निघालेल्या पोरापोरींना ती सांगते की बाबांनो हा धंदा आहे, भांडवल कोणाचं, राबतं कोण, पैसे कुणाच्या खिशात जातात ते आधी बघा. साताऱ्यात तेव्हाही दर वर्षी एखादा मुलगा घर सोडून मुंबईला हिरो व्हायला पळायचा, तो पोवई नाक्यावरच सापडायचा ही गोष्ट वेगळी, पण त्या सगळ्यांना हे पुस्तक द्यायला हवं होतं.

प्रभात सुटल्यावर तिनं बाहेर कामं केली. 1941 ला तमिळ 'सावित्री'मध्ये सावित्री झाली, त्यासाठी तमिळ शिकली, आणि त्यात नारदाचं काम केलंय साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी. 1946 च्या 'सुभद्रा'त तिच्याबरोबर गायल्या लताबाई, तेव्हा नवख्या. पुढची वर्षं उतरणीची, ती भरभर सांगायचीच आहेत, कामं कमी होत गेली आणि 1964 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्या गेल्या. पन्नाशीसुद्धा गाठली नाही. नयना आपटे त्यांची मुलगी, ती तुम्हाला नाटकातून टीव्हीवरून माहीत आहेच.

माझ्या मते नुकसान आपलंच झालं, कारण छडीवाली नीरा लक्षात राहिली आणि लिहिणारी शांता आपटे विसरली गेली. बाईमाणूस पडद्यावर भांडली की आपण टाळ्या वाजवतो, आजींसारख्या, पण पगाराच्या कागदावरून भांडली की ती चढेल. तेव्हाही लोक हेच म्हणाले असतील.

स्पर्धेचं विचाराल तर नंबर आला नाही. परीक्षक बाहेरचे होते, त्यांनी 'विषयाची निवड विचारात घेण्यासारखी नाही' असा शेरा मारला, आणि एका पालकांनी येऊन तक्रार केली की सिनेमानट्यांची चरित्रं कसली शिकवता पोरींना. बाई त्यांना म्हणाल्या, मी करार शिकवला, सिनेमा नाही. ते पालक गेले आणि बाईंनी पुढचा धडा उघडला, बस.

पुढे मी पुण्याला एका खाजगी कंपनीत लागले. पहिल्या दिवशी ऑफर लेटरबरोबर बारीक अक्षरांतला करार पुढे आला, साहेब पेन उघडून हातात देत म्हणाले, मॅडम फॉर्मॅलिटी आहे, सगळेच करतात. मी खुर्ची सरकवून नीट बसले आणि वाचायला लागले. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, चहा मागवला, तो प्यायले. नोकरी सोडायची तर मी तीन महिने आधी सांगायचं आणि त्यांनी काढायचं तर एक आठवड्यात, असं एक कलम निघालं. मी विचारलं हे असं का? तर म्हणाले, आजवर कोणी विचारलं नाही. बदलून मिळालं. एवढ्यावर मला ऑफिसात 'वकीलबाई' नाव पडलं ते शेवटपर्यंत.

आता समितीला एक विनंती, त्यासाठीच खरं तर हे एवढं लिहिलं. 2027 ला 'कुंकू'ला 90 वर्षं होतायत. शाळेत नवीन प्रोजेक्टर आलाय असं ऐकते. नववी-दहावीला एकदा दाखवा, आणि पोरांच्याच नव्हे, शिक्षकांच्याही रांगा भरल्या पाहिजेत. ना. ह. आपट्यांची कादंबरी आणि शांताबाईंचं पुस्तक शोधून वाचनालयाला देण्याची जबाबदारी माझी, झेरॉक्स करावी लागली तरी चालेल. पैशाचं समितीच्या खजिनदारांशी बोलून झालंय. आणि उद्घाटनाला बाईंना बोलवा, येणार नाही म्हणतील, दोनदा म्हणतील, तिसऱ्यांदा रिक्षा पाठवा. नाव मात्र पत्रिकेत छापू नका, मला परत फोन येईल.