विदर्भात वाईनची पहिली बाटली घेताना

पहिली बाटली घेताना लोक द्राक्षाचं नाव विचारतात. आपल्याकडे त्याआधी दुसरंच विचारा: ही बाटली उन्हाळाभर कुठे होती? मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. ३० अंशांच्या वर वाईनने काही आठवडे काढले की ताज्या फळाचा वास जाऊन शिजवलेल्या जॅमचा येतो. शिवाय ती तापून फुगते, बूच वर ढकलते, फटीतून हवा शिरते आणि वाईन उतरत जाते.

म्हणून आधी बाटलीची मान बघा. बूच काचेच्या कडेवर आलंय, वेष्टनाखाली चिकट ओघळ आहे किंवा पातळी खांद्यापर्यंत उतरलीय, तर परत ठेवा. शोकेसमधली, उन्हाची तिरीप लागणारी नको. आतल्या गार खोलीतल्या पेटीतली मागा. तालुक्याच्या दुकानात वाईन कमी खपते, जुना माल पडून राहतो. लेबलावरचं वर्ष वाचा. साधी पांढरी दोन वर्षांच्या आतली घ्या, रेड तीन-चार वर्षं चालते. 'जितकी जुनी तितकी चांगली' हे मोजक्या महागड्या वाईनपुरतंच खरं आहे. जमलं तर खरेदी हिवाळ्यातच करा.

द्राक्षाचं म्हणाल तर नाशिकची शेनिन ब्लां, ही पांढरी. मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली. आपल्याकडे बरेचदा किंचित गोडसर बनवतात. सावजी रस्सा, पाटोडी, ठेचा असं जहाल जेवण असेल तर हीच, कारण तो गोडवा तिखट सावरून घेतो. तिथे कॅबर्ने सोव्हिन्यो ही रेड घेतली तर तिच्या तुरटपणाने तोंडाची आग आणखी भडकते. रेडच हवी असेल तर शिराझ, तीही कमी तिखट, भाजलेल्या मटणासोबत. स्वस्त पोर्ट, म्हणजे गोडमिट्ट रेड, तिच्यापासून सुरुवात अजिबात नको. साखरेखाली द्राक्ष कळतच नाही.

रेड 'रूम टेम्परेचरला' प्यावी म्हणतात, ते १६ ते १८ अंश. आपली खोली ३५ची! दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी चार-पाच तास.

वयाची अट २१ पूर्ण. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिकडे बाटली नेऊ नका.

७५० मिलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. एकट्यासाठी ३७५ची मिळाली तर तीच घ्या. उरलेली झाकण घट्ट लावून, उभी, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा.